चांगली बाजू आत

अक्काचं लेकरू पाच दिवसांचं झालं होतं आणि पाच दिवसांत त्याच्या पोटात शिंपलंभर दूधही धड गेलं नव्हतं.

त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. तोंड उघडलं की आत टाळूलाही फट दिसायची. अक्काला दूध भरपूर, पदर भिजायचा, पण लेकराला ओढताच येईना. मायनं कापसाचा बोळा करून पाजलं. कापूस काय, अमरावतीत त्या वर्षी धुळीइतका होता. दूध आत गेलं आणि नाकातून परत आलं. बोंडल्याच्या चोचीनं पाजलं, तर ठसका लागून ते निळं पडलं. शेजारच्या हलीमाबीनं त्याला पालथं धरून पाठीवर थोपटलं तेव्हा कुठे श्वास आला. पहिल्या दिवशी त्याचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत जात होतं. पाचव्या दिवशी सकाळी ते रडायला तोंड उघडत होतं आणि आवाज येत नव्हता.

"ग्रहन लागलं," माय म्हणाली. पाच दिवस ती तेच म्हणत होती, आणि कोणी बाई दारात आली की लेकराच्या तोंडावर पदर ओढत होती.

पोळ्याच्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं होतं हे खरं. आम्ही जीनगर, खोगीर-लगाम करणारी माणसं, आणि अक्काला अकोल्यात दिली तीही जीनगराच्याच घरी. पोळ्याला आमच्या घरांत जेवायला सवड नसते. बैलांचे पट्टे, गोंडे, घुंगरमाळा, सगळ्यांना सगळं त्याच सकाळी पाहिजे. अक्काला दिवस गेलेले, म्हणून सासूनं तिला आत बसवलं, आणि अक्कानं आत बसल्या बसल्या एका पट्ट्याचं टोक कापलं. एकच टोक. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मीच कापला व त्याचा ओठ. माह्याच हातानं."

"अक्का, थे सावली असते," मी म्हणाले. "मास्तरनं शाळेत दिवा अन् दोन लिंबं घेऊन दाखवलं. चंद्र मधात आला की झालं. सावली कोनाचा ओठ कापत नाई."

"तुह्या मास्तरचं कदी बाळंतपन झालं व्हतं का?" माय म्हणाली.

अमरावतीत मुलींची शाळा नुकतीच निघाली होती. माझं लग्न झालेलं, पाठवणी व्हायची होती, तोवर जाऊ दे म्हणून बानं मला शाळेत घातलं. आणि वाचता यायला लागल्यापासून मी दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत बाजारातून चालायची. बाला त्याची लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. तो फक्त लाजच बोलून दाखवायचा.

त्या सकाळी हलीमाबी आली ती हातात काहीतरी झाकून. ती गल्लीतली सुईण, आणि तिच्याकडे सात-आठ बकऱ्या. तिनं मूठ उघडली. काळं पडलेलं, अंगठ्याएवढं, चामड्याचं बोंड होतं.

"बकरी मेली की तिच्या पिल्लाले मी असंच पाजतो," ती म्हणाली. "चंबूच्या तोंडाले बांधाचं. ओढायची गरजच नाई. बोटानं दाबलं की दूध मागं जाते, गालात. मगर ये मोटा है बेटा, और बकरी का है. लेकराले करंगळीएवढं पायजे, लांब, अन् एकदम मुलायम. शिवन असी पायजे का एक थेंब बाहीर नाई आला पायजे. नाई तं दाबलं का दूध शिवनीतूनच जाईन."

"चामडं?" माय म्हणाली. "लेकराच्या तोंडात?"

बा ओसरीवर बसला होता. तो उठला, आतल्या पेटीतून एक गुंडाळी काढून आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. तेलात कमावलेलं काळविटाचं कातडं, धोतराच्या पानासारखं मऊ. एका साहेबाच्या खोगिराला लावून उरलेलं, जेमतेम वीतभर.

"मुंजीत पोराच्या गळ्यात हेच बांधते," तो मायला म्हणाला. "बामन याच्यावर बसून संध्या करते. आता बोल."

मायनं कातडं रिठ्याच्या गरम पाण्यात तीनदा धुतलं, वास जाईतो.

आता खरी अडचण सांगते. बाचा हात चांगला असता तर ही गोष्टच झाली नसती. बा असा टाका घालायचा की दोन टाक्यांमध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नसे. पण पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या उजव्या हाताच्या बोटातून यंत्राची सुई आरपार गेली होती. बोट वांग्यासारखं सुजलं होतं आणि त्यावर हळदीचं पोटीस बांधलेलं होतं.

ते यंत्र मुंबईहून आलेलं. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीतल्या अडत्यांनी घोडे घेतले, टांगे घेतले, आणि बाच्या हाती इतकं काम आलं की त्यानं हे लोखंडी जनावर आणवलं. घोड्याचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, तीन पदरी बैलकातडं, ते असं शिवायचं जसं काही पोळीच. त्याची सुई बाभळीच्या काट्याएवढी. दोरा मेण आणि राळ लावलेला, सुतळीच्या धाकट्या भावासारखा. बाशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही. आणि बोटातून सुई गेल्यापासून बासुद्धा लावत नव्हता.

आधी मायनंच हातानं शिवून पाहिलं. तिनं गोधड्या शिवलेल्या, कातडं नाही. टाके लांब घातले तर पाणी गळे. जवळ घेतले तर कातडं टाक्यांच्या रेघेवर फाटे. कातड्याचा तिसरा हिस्सा गेला. लेकरानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"यंत्रावर शिवतो मी," मी म्हणाले.

"येडी झाली का पोट्टी?" बा म्हणाला. "थे हत्ती हाये. हत्तीकडून रांगोळी काढून घेतं का?"

"तुमी सांगा, मी करतो."

"माह्या बोटाकडं पाय."

"पायलं. मी बोट तिथं नेत नाई जिथं तुमी नेलं."

माय म्हणाली, "बाले असं बोलतात का व?" पण बा उठला आणि त्यानं यंत्रावरचं फडकं डाव्या हातानं ओढून काढलं.

यंत्राच्या पेटीत सुयांची एक पुडी होती, आणि तिच्यात एकच बारीक सुई, कधी न वापरलेली. दोरा म्हणून मी पोळ्याच्या गोंड्यांचं उरलेलं कोरं रेशीम घेतलं आणि त्याचा पीळ उकलून एकेक पदर वेगळा केला. बा म्हणाला, "मेन लाव त्याले." हातानं शिवणाऱ्याचा तो जन्माचा धर्म. मी म्हणाले, मेण सुटून लेकराच्या पोटात जाईल. त्यानं मेणाचा गोळा बाजूला ठेवला. मला एवढा आनंद झाला की लाज वाटली, कारण आतून अक्काचा हुंदका ऐकू येत होता.

आणि मग काही म्हणता काही जमेना.

बारीक सुई दांडीत ढिली बसे आणि डुगडुगे. मी चाक फिरवलं. सुई खाली गेली, वर आली, टाका नाहीच. पुन्हा, नाहीच. बानं खाली वाकून पाहिलं. खालचा दोरा घेऊन फिरणारा धोटा जाड सुईसाठी केलेला होता. बारीक सुई त्याच्यापासून दोन केस लांब राहत होती, आणि धोट्याची चोच दोऱ्याच्या फाशात न शिरता तशीच पुढे जात होती. बानं दातांत धरून पितळेच्या पत्र्याचा एक तुकडा डाव्या हातानं कापला, नखाएवढा, आणि तो मी सुईच्या मागं दांडीत बसवला. सुई घट्ट झाली आणि धोट्याकडे सरकली. मी एका चिंधीवर चाक फिरवलं. टाका पडला!

"पडला!" मी ओरडले.

दुसऱ्या टाक्याला रेशीम तुटलं. तिसऱ्यालाही तुटलं.

"आवळून हाये," बा म्हणाला. दोरा ज्या कमानीखालून जातो तिचं मळसूत्र त्यानं स्वतः घट्ट केलेलं होतं. "तंगाचा टाका आवळलाच पायजे. ढिला टाका म्हंजे घोडेस्वार खाली."

"बा, यातून घोडेस्वार नाई जाणार. दूध जाणार हाये."

मळसूत्र मी सैल करत गेले. एक फेर, दोन, अडीच. तेव्हा रेशीम तुटायचं थांबलं.

मग खरं कातडं घेतलं, आणि ते सुईखालच्या पत्र्याच्या भोकात ओढलं गेलं. ते भोक काट्याएवढ्या सुईसाठी केलेलं. मऊ कातडं सुईबरोबर आत शिरलं आणि चुरगळलं. मी बराच वेळ त्या भोकाकडे पाहत बसले. माझ्या मांडीवर माझं दप्तर होतं, कारण मी त्या दिवशी शाळेला निघता निघता तशीच थांबले होते. मास्तरांनी दिलेल्या तीन कागदांपैकी दोन त्यात होते. शाळेत आम्ही पाटीवर लिहायचो. कागद जिचं अक्षर चांगलं तिलाच मिळे, आणि तो मला एकटीला मिळाला होता. त्या दोन कागदांवर मी कित्ता काढला होता. बोरूनं, एकही डाग न पाडता.

मी एक कित्ता फाडला आणि त्याची पट्टी कातड्याखाली घातली. कातडं कागदावर बसलं, कागद भोकावर बसला, आणि काही आत गेलं नाही.

पायानं यंत्र चालवलं असतं तर हत्तीच उधळला असता. म्हणून मी चाक हातानं फिरवत होते, एक टाका, थांबायचं, पाहायचं, पुढचा टाका. बा डाव्या हातानं कातडं सरळ धरून होता आणि त्याचा श्वास माझ्या कानात लागत होता. दोन्ही कित्ते संपले. शिवण झाली. मी कागद टरकन काढला, बानं बोंड काडीनं उलटवून सरळ केलं, आणि खरं सांगते, इतकी सुंदर वस्तू आमच्या दुकानात कधी झाली नव्हती. गुळगुळीत, चमकदार, करंगळीएवढी. शिवण आत गेलेली, बाहेरून दिसतही नव्हती.

मायनं त्याच्या टोकाला सुईनं भोक पाडलं, ते बोंडल्याच्या चोचीला रेशमानं बांधलं आणि अक्काचं दूध त्यात ओतलं. हलीमाबीनं लेकराला उभं धरलं. मायनं दाबलं.

टोकातून काही आलं नाही. बोंड फुगलं, जड झालं, आणि शिवणीच्या रेघेवर बारीक घाम आला तसं दूध पाझरायला लागलं. माय दाबत राहिली. दूध तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. लेकरानं फाटका ओठ हलवला, जीभ बाहेर काढली, आणि मग तेही सोडून दिलं. त्याची मान हलीमाबीच्या तळव्यावर कलली.

"अजून गरम है," हलीमाबी म्हणाली. नुसतं एवढंच म्हणाली, आणि त्यावरून मला कळलं की तिला कसली भीती वाटत होती.

अक्का उठून बसली होती. "राहू द्या," ती म्हणाली. "त्याले छळू नका. माह्याजवळ द्या."

मी यंत्राकडे पळाले. मला रडायचं होतं आणि रडायला घरात दुसरी जागा नव्हती. खाली कातड्याच्या कातरणी पडल्या होत्या, आणि मी मायच्या हातातून ओढून आणलेल्या बोंडातून दूध त्यांवर ठिबकलं होतं. एका कातरणीवर दुधाचा थेंब गोल, मोत्यासारखा उभा होता. दुसरीवर थेंब नव्हताच, फक्त ओला डाग. मी पहिली उचलली. थेंब चांगल्या बाजूवर होता, गुळगुळीत, केस काढलेल्या बाजूवर. दुसरी मांसाकडची, लव असलेली बाजू वर करून पडली होती. मी त्या लवेवर बोटानं थेंब सोडला. तिनं तो पिऊन टाकला.

"बा," मी म्हणाले, "आपन उलटं शिवलं."

"काय उलटं? एकदम बरोबर शिवलं. चांगली बाजू बाहीर हाये."

"तेच तं! दूध आतून हाये. आतली लव दूध पेते अन् शिवनीत नेते. चांगली बाजू आत पायजे."

बा माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याला पागोटं पायात घालायला सांगितलं. "चांगली बाजू आत? जीनगराच्या घरी? पोरी, माह्या आज्यानं, त्याच्या बापानं, कोनी कदी..." तो थांबला. आमच्या घरात कातडं हातात घेतलं की बोटं आपोआप त्याची चांगली बाजू आत दुमडतात, म्हणजे शिवून उलटवल्यावर ती लोकांच्या डोळ्यांसमोर येते. मीही दुमडली होती तशीच. कोणी शिकवलं नव्हतं.

"लोकाले काय दिसते याचं काय करतं," तो हळूच म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. मग म्हणाला, "कातडं किती उरलं?"

एका बोंडापुरतंच उरलं होतं.

आणि कागद? कित्ते संपले होते. तिसरा कागद कोरा होता, पण तो माझा राहिला नव्हता. त्या दिवशी पाचवी होती. संध्याकाळी पाट्यावर सटवाई मांडायची, तिच्यापुढं कोरा कागद आणि बोरू ठेवायचा, म्हणजे ती येऊन लेकराच्या कपाळीचं लिहून जाते. मायनं सकाळीच तो कागद माझ्याकडून मागून घेऊन फडताळात ठेवला होता, हळदकुंकवाच्या शेजारी.

मी फडताळ उघडलं.

"वच्छे!" माय ओरडली. "ठेव थो! सटवाई कायच्यावर लिहीन मंग?"

"माय, लेकरू संध्याकाळपर्यंत राह्यलं तं लिहीन ना ती!"

हे मी बोलून गेले. असं बाळंतिणीच्या खोलीत कोणी बोलत नाही. मायचा हात वर झाला. मला वाटलं आता बसते थोबाडीत. तिनं कागदाचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "सरळ फाड. वाकडा नको."

आम्ही दोघींनी तो फाडला.

या वेळी मी चांगली बाजू बाहेर ठेवून दुमडलं, म्हणजे उलटवल्यावर ती आत जाईल. बाची बोटं दोनदा ते पुन्हा सुलटं करायला गेली आणि दोनदा मागं आली. शेवटी तो हात मांडीखाली घेऊनच बसला. चाक फिरवत होते तेव्हा आतून काहीच ऐकू येत नव्हतं, ना अक्काचं, ना हलीमाबीचं. मी टाके मोजायला लागले, कारण मोजलं नसतं तर ऐकत बसले असते. एकेचाळीसाव्या टाक्याला रेशीम तुटलं. मी तिथून दोन टाके मागं जाऊन पुन्हा धरलं. बहात्तराला शिवण संपली. कागद ओढला, त्याच्या दोन पट्ट्या झाल्या. बानं काडीनं बोंड उलटवलं. आता ते बाहेरून लवदार, खरबरीत, मळकट दिसत होतं. गिऱ्हाइकाला दाखवलं असतं तर त्यानं दुकानाची पायरी सोडली असती.

पाण्यानं भरलं. दाबलं. शिवण कोरडी. टोकावर एक थेंब आला, थांबला, पडला.

हलीमाबीनं लेकराला उभं धरलं, मान हातात घेऊन. मायनं बोंड फटीच्या बाजूला नाही, चांगल्या गालात सारलं आणि हळूच दाबलं.

काही झालं नाही.

"बेटा, पी," हलीमाबी त्याच्या गळ्यावरून बोट खाली ओढत म्हणाली. "पी राजा. तेरी मौसी ने हाथी से सिलवाया है."

गळा हलला. मी पाहिलं. एकदाच, वाटाणा खाली गेल्यासारखा. नाकाकडे आम्ही सगळे पाहत होतो. नाकातून थोडं आलं, थोडंच. मायनं पुन्हा दाबलं. गळा हलला. पुन्हा हलला. अक्का भिंतीपासून सरकत सरकत आली आणि तिनं बोंडलं मायच्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं. शिंपलंभर दूध जायला एवढा वेळ लागला की उन्हाची तिरीप उंबरठ्यावरून आत आली. मग लेकरू झोपलं, आणि हलीमाबीनं तोंडाजवळ गाल नेऊन सांगितलं की झोपलंच आहे.

उन्हं उतरता उतरता ते जागं झालं आणि रडलं. आवाज परसापर्यंतच गेला असेल. बा परसातच होता. तो तिथल्या तिथे खाली बसला.

संध्याकाळी मायनं पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, बोरू ठेवला. कागद कुठला ठेवणार? मी पाहिलं तर तिनं त्या दोन पट्ट्या, सुईच्या भोकांनी काठ कातरलेल्या, सारख्या करून शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"एवढीच जागा हाये, माय," ती सटवाईला म्हणाली. "थोडकंच लिहा. पन वंगाळ लिवू नका."

पाचवीला गल्लीतल्या बायका आल्या. अक्का मधोमध बसून पाजत होती, दोन बोटांनी दाबत, त्याच्या गळ्यावर नजर ठेवून. नजर काढली की तिला भीती वाटत होती. गंगूबाई वाकली, तिनं तोंडाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! ओठ तं..."

मी मायकडे पाहिलं. तिचा हात पदराकडे गेला होता. लेकराच्या तोंडावर पदर ओढला असता तर गळा हलतो की नाही ते अक्काला दिसलं नसतं. मायनं पदर सोडून दिला.

"हाव, फाटला हाये," ती म्हणाली. "हळू बोल, गंगू. थे पेऊन राह्यलं."